बाई, बाण पळाला!

नमस्कार श्रोतेहो.

मी पहिलीच्या वर्गाला शिकवते. आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला, त्या आठवड्यात सगळ्यात जास्त वेळा कानावर पडलेलं वाक्य म्हणजे, "बाई, बाण पळाला!" बाण पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन दडायचा, मूल माऊस गरागरा फिरवायचं, आणि मी घाईनं त्याच्या हातातून माऊस घेऊन "हे बघ, असं" म्हणत स्वतःच क्लिक करून मोकळी व्हायची. त्यातून मुलाला एवढंच कळत होतं की हे बाईंना जमतं, आपल्याला नाही. हे लक्षात यायला मला बरेच दिवस लागले, आणि त्याचं आजही वाईट वाटतं.

पाटीवर अक्षर गिरवताना पेन्सिल टेकते तिथंच रेघ उमटते. मोबाइलवर बोट लावलं की त्याच जागी चित्र हलतं. माऊसचं तसं नाही. हात टेबलावर आणि नजर पडद्यावर, दोघांची ताटातूट. म्हणून घरी मोबाइल सराईतपणे चालवणारी मुलंसुद्धा आधी पडद्यालाच बोट लावतात. आणि बाण वर ने म्हटलं की कितीतरी मुलं माऊस चक्क हवेत उचलतात. त्यांना हसू नका. वर म्हणजे वर, त्यांचा विचार सरळ आहे. मी टेबलावर कागद ठेवते, खडूनं माझ्यापासून पुढं एक रेघ ओढते आणि मग कागद उभा धरते. पुढं गेलेली रेघ आता वर गेलेली दिसते. "अय्या, खरंच की!" असा आवाज आला की पुढचं काम सोपं होतं.

नाव ऐकून मुलांना पहिल्यांदा माऊ आठवते, मांजर! मग गणपतीबाप्पाचा उंदीर म्हणून सांगायचं. वायर म्हणजे त्याची शेपटी, आणि ती नेहमी पडद्याकडे. माऊस हातात तिरका झाला की बाणही भलतीकडे जातो, तेव्हा "शेपटी कुठंय?" एवढं विचारलं तरी पुरतं. १९६०च्या दशकात अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिला माऊस बनवला. तो लाकडी होता आणि त्याला बटण एकच होतं. आमच्या पहिलीलाही एकच पुरे! डाव्या बटणावर लाल टिकली चिकटवा. पहिलं बोट टिकलीवर, अंगठा आणि करंगळी दोन बाजूंना, मनगट टेबलावर सैल. उजव्या बटणाचं नावही काढू नका.

मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी चार-पाच वर्षांच्या मुलांचं आणि तरुणांचं माऊस चालवणं ताडून पाहिलं होतं. २००४ साली ते प्रसिद्ध झालं. लहान मुलं चित्रापर्यंत पोचतात, पण तिथं थांबणं त्यांना जड जातं. बाण पुढं निसटतो, परत येतो, पुन्हा निसटतो. वर्गात हे रोज दिसतं. म्हणून मुलं यायच्या आधी पाच मिनिटं काढून माऊसच्या सेटिंगमध्ये जा. बाणाचा वेग कमी करा, बाण मोठा करा, डबल क्लिकचा वेग अगदी हळू ठेवा. खरं तर डबल क्लिक पहिलीत नकोच. मूल पहिला क्लिक करतं, हात हलतो, दुसरा क्लिक भलत्याच जागी पडतो. त्यापेक्षा चित्रावर एकदा क्लिक करून एंटर दाबायला शिकवा.

बसण्याकडेही बघा. मोठ्यांच्या खुर्चीत मुलाचे पाय लोंबकळतात, खांदे वर ओढले जातात आणि अख्खा हात ताठ होतो. पायाखाली पाट द्या. टेबलाला गुळगुळीत सनमायका असेल तर माऊसखाली साधा कागद घाला, नाहीतर बाण अडखळतो आणि बोल मात्र मुलाला लागतो.

सुरुवात क्लिकनं करू नका. आधी नुसतं फिरू द्या. जीकॉम्प्री नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात बाण फिरवला की वरचा पडदा पुसला जातो आणि खालून चित्र निघतं. कुठं काही चुकायची सोयच नाही. हात सैलावला की मग क्लिकचा खेळ. त्यानंतर टक्स पेंट हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर, तेही फुकट. बटण दाबून ठेवून ओढणं सगळ्यात अवघड. त्यासाठी मी पडद्यावर रांगोळीचे मोठे मोठे ठिपके काढून देते, मुलं ते जोडतात. रेघ वाकडी आली तर येऊ दे.

मूल अडलंच तर त्याच्या हातावर आपला हात ठेवू नका, मुलाचा हात आपल्या हातावर ठेवून घ्या. आपला हात किती थोडा हलतो हे त्याला तळव्याला कळतं. मग आपला हात हळूच काढून घ्यायचा. हा बदल मी केला आणि माझ्या वर्गात खूप फरक पडला.

एका कॉम्प्युटरभोवती सहा-सात मुलं असली की माऊस दांडग्या मुलाकडे जातो आणि मुली मागं उभ्या राहतात. आमच्याकडे नियम आहे. एकानं माऊस धरायचा, शेजाऱ्यानं फक्त तोंडानं सांगायचं, हात मागं. घड्याळात पाच मिनिटं झाली की अदलाबदल. आवाज चढतात, रुसवेफुगवे होतात, पण प्रत्येकाचा हात माऊसला लागतो.

आमच्या वर्गातली एक मुलगी डावखुरी. आठवडाभर ती उजव्या हातानं झगडत होती, आणि मला वाटत होतं हिला समजत नाही. एके दिवशी मी माऊस कीबोर्डच्या डावीकडे ठेवला, सेटिंगमध्ये बटणांची अदलाबदल केली आणि टिकली दुसऱ्या बटणावर लावली. तिनं ठिपके जोडायला घेतले. तिसऱ्या ठिपक्यापाशी माऊस टेबलाच्या कडेला येऊन टेकला. एरवी मुलं इथंच "बाई!" म्हणून हाक मारतात. तिनं बटण सोडलं, माऊस उचलला, परत मध्ये आणून ठेवला आणि चौथ्या ठिपक्याकडे निघाली. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

नमस्कार.