बोर्ड पुसण्याआधी

[दृश्य: प्रोजेक्टरचा निळा पडदा. 'सिग्नल नाही' ही अक्षरं इकडून तिकडे तरंगतायत.]

पहिली वीस मिनिटं दर महिन्याला अशीच जातात. एक लॅपटॉप, तीन वायरी, आणि कुठली वायर कुठे खुपसायची यावर सहा जणांची सहा मतं. हे सहाही जण दिवसभर कोट्यवधी नोंदींचे डेटाबेस सांभाळतात. पडद्यावर चित्र यायला मात्र अजून अवकाश आहे.

[दृश्य: खुर्च्या मांडल्या जातायत. दारातून माणसं येतायत, पाठीवर लॅपटॉपच्या बॅगा.]

हा डेटाबेसवाल्यांचा युजर ग्रुप. यात डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारे, आहेत, डेव्हलपर आहेत, रिपोर्ट बनवणारे आहेत, मागच्या रांगेत दोन-तीन विद्यार्थी आहेत. महिन्यातून एका संध्याकाळी जमायचं, एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि मध्येच अडवायचं. फी नाही, प्रमाणपत्र नाही, वक्त्याला मानधन नाही. आम्ही लागोपाठ तीन महिने इथे कॅमेरा घेऊन आलो. जेवढं टिपू दिलं, तेवढं या फिल्ममध्ये आहे.

[दृश्य: टेबलावर हजेरीची वही. नावांवरून कॅमेरा सरकतो, अक्षरं अस्पष्ट.]

एकाच प्रकारची यंत्रं वापरणाऱ्यांनी एकत्र बसायचं, ही रीत आजच्या डेटाबेसपेक्षाही जुनी आहे. १९५५ मध्ये लॉस एंजेलिस भागातल्या आयबीएम संगणक वापरणाऱ्यांनी एक गट काढला. नाव ठेवलं 'शेअर'. तेव्हा यंत्राबरोबर फारसे प्रोग्रॅम मिळत नसत. तेच तेच गणिती प्रोग्रॅम प्रत्येक ठिकाणी नव्यानं लिहिले जात. तू लिहिलेलं मला दे, मी लिहिलेलं तू घे, एवढाच व्यवहार. तो गट अजून चालू आहे.

उलटही घडलं. एसक्यूएल सर्व्हर हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस वापरणाऱ्यांची 'पास' ही मोठी संघटना १९९९ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये बंद पडली. तिच्या छत्राखालचे कितीतरी स्थानिक गट मात्र भेटत राहिले. वर छत्री नसली तरी खाली माणसं जमतात, हे आम्ही या खोलीत पाहिलं. संस्थांवर फिल्म काढणं सोपं असतं, त्यांच्याकडे बोधचिन्ह असतं. इथे आम्हाला फक्त खुर्च्या मिळाल्या.

[दृश्य: पडद्यावर अखेर चित्र येतं. टाळ्या. पिवळट पडलेल्या छापील लेखाचं पहिलं पान.]

पहिला महिना. वक्ते ज्येष्ठ डीबीए. विषय इंडेक्स, म्हणजे हवी ती नोंद चटकन सापडावी म्हणून डेटाबेसनं ठेवलेली सूची. पण सर सुरुवात करतात १९७० पासून. पडद्यावर दिसतोय तो एडगर कॉड यांचा लेख. कॉड आयबीएमच्या सॅन होजे इथल्या संशोधन केंद्रात होते. यंत्राच्या पोटात डेटा कसा रचलाय हे तो वापरणाऱ्याला माहीत असावं लागू नये, अशा अर्थाच्या वाक्यानं हा लेख उघडतो. सर ते वाक्य दोनदा वाचतात. मग खोलीकडे बघून म्हणतात, "हे वचन पूर्ण पाळलं गेलं असतं, तर आज इथे कुणी बसलंच नसतं."

पुढची नऊ वर्षं ते दोन मिनिटांत उरकतात. १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी एक भाषा मांडली, 'सिक्वेल'. त्या नावावर दुसऱ्या कुणाचा हक्क निघाला, म्हणून ती झाली एसक्यूएल. या भाषेत काय हवं तेवढंच सांगायचं, कसं आणायचं ते सांगायचं नाही. मग 'कसं' कुणी ठरवायचं? १९७९ मध्ये पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं उत्तर दिलं: प्रत्येक वाटेचा खर्च अंदाजानं मोजा आणि स्वस्तातली वाट धरा. डेटाबेसमध्ये ही वाट निवडणारा भाग म्हणजे ऑप्टिमायझर, आणि आजचे बहुतेक ऑप्टिमायझर याच घराण्यातले.

[दृश्य: सर लॅपटॉप मिटतात. खिशातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढतात. माणसं उठून उभी राहतायत.]

आणि मग स्लाइड्स संपतात. आम्हाला या खोलीत मिळालेलं सगळ्यात देखणं दृश्य हे.

वीस जणांना एका रांगेत बसवलं. प्रत्येकाच्या हातात पाच चिठ्ठ्या, १ ते १०० आकडे, क्रमानं. हे झालं डेटाबेसमधलं टेबल, म्हणजे नोंदींचा तक्ता. आता ६७ शोधायचा. सर पहिल्या खुर्चीपासून विचारत निघतात: "तुमच्याकडे ६७?" नाही. "तुमच्याकडे?" नाही. चौदाव्या खुर्चीवर चिठ्ठी सापडते. तोवर बाराव्या खुर्चीवरचे गृहस्थ फोन बघायला लागलेले असतात.

[दृश्य: वरून. वीस खुर्च्या, त्यांच्यापुढे चार माणसं, सगळ्यांच्या पुढे एक.]

आता रांगेपुढे चौघं उभे राहतात. प्रत्येकाच्या ताब्यात पाच खुर्च्या. त्या चौघांच्या पुढे एक ताई. पुन्हा ६७. ताई सांगतात, तिसऱ्याला विचारा. तिसरा सांगतो, चौदावी खुर्ची. खुर्चीवर चिठ्ठी. तीन प्रश्नांत काम झालं.

याला बी-ट्री म्हणतात. बोइंगमध्ये काम करताना रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्रेट यांनी ही रचना शोधली, १९७२ मध्ये तिचा लेख आला. 'बी' म्हणजे नेमकं काय, हे दोघांनी कधी ठामपणे सांगितलं नाही. बोइंगचा, बायरचा की बॅलन्स्डचा, यावर मधल्या सुटीत वाद घालायला भरपूर वाव असतो.

खऱ्या डेटाबेसमध्ये खुर्चीच्या जागी पान असतं. पोस्टग्रेस हा दुसरा एक डेटाबेस, त्यात आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये ते ८ केबीचं. अशा एका पानात ३०० नोंदी मावतात असं धरलं, तर तीन पायऱ्यांत ३०० गुणिले ३०० गुणिले ३००, म्हणजे २ कोटी ७० लाख नोंदींपर्यंत हात पोहोचतो. सर हा गुणाकार बोर्डावर करत नाहीत. मागच्या रांगेतला एक विद्यार्थी तोंडी करतो.

[दृश्य: त्याच विद्यार्थ्याचा हात वर.]

आणि तोच विचारतो: "सर, सगळ्या सम संख्या हव्या असतील तर?"

सर थांबतात. ही बाजू त्यांनी पुढच्या स्लाइडवर ठेवली होती. मोजू, म्हणतात. सम संख्या ५०. प्रत्येकीसाठी ताईंपासून सुरुवात केली तर प्रत्येकी ३ प्रश्न, एकूण १५०. आणि इंडेक्स विसरून सरळ रांगेतून फिरलं तर? २० खुर्च्या. संपलं.

'इंडेक्स लावलाय, तरी डेटाबेस तो वापरतच नाही' ही तक्रार या खोलीतल्या प्रत्येकानं कधी ना कधी केलेली आहे. पुष्कळदा डेटाबेसचं बरोबर असतं. कधीकधी त्याच्याकडची आकडेवारी शिळी असते, दहा नोंदी येतील असं धरून तो निघतो आणि चार लाख निघतात. कधी आपणच कॉलमभोवती फंक्शन गुंडाळून ठेवलेलं असतं, म्हणजे मूळ आकड्याऐवजी त्यावरून काढलेली वेगळीच किंमत विचारलेली असते, मग चिठ्ठ्या क्रमानं लावून उपयोग काय? यावर अर्धा तास चर्चा झाली. ती सगळी आम्ही टिपली आणि जवळजवळ सगळी कापली, कारण त्यात फक्त माणसं पडद्याकडे बोट दाखवताना दिसतात.

[दृश्य: एक खुर्ची फरशीवरून करकरत ओढली जाते.]

हे कापणं मात्र जिवावर आलं असतं. सर चौदाव्या खुर्चीला आणखी एक चिठ्ठी देतात: साडेसदुसष्ट. पाचच चिठ्ठ्यांची जागा, झाल्या सहा. मग नवी खुर्ची ओढा, तीन चिठ्ठ्या इकडे, तीन तिकडे, पलीकडच्या सगळ्यांनी सरका, आणि पुढे उभ्या असलेल्या तिसऱ्याला कळवा की आता तुझ्याकडे सहा खुर्च्या. हाच पेज स्प्लिट, म्हणजे भरलेलं पान दुभंगणं. एक चिठ्ठी घालायला किती जणांना हलावं लागलं ते फ्रेममध्ये मोजता येईल. दिसेल त्या कॉलमवर इंडेक्स ठोकणाऱ्यांनी ही करकर जरा मोठ्या आवाजात ऐकावी.

[दृश्य: दुसरा महिना. व्हाइटबोर्ड. खालच्या ट्रेमध्ये मार्कर आणि डस्टर. टिपणांचा कागद धरलेले दोन हात.]

दुसरा महिना. मॅडमचं हे पहिलंच व्याख्यान.

विषय डेडलॉक. सामान एवढंच: एक मार्कर, एक डस्टर. ट्रेमध्ये आणखी एक मार्कर आहे, न पुसला जाणारा. तो तिथे का आहे हे कुणालाच माहीत नाही, पण फेकतही कुणी नाही.

दोन जण पुढे येतात. पहिल्यानं मार्कर घेतला, दुसऱ्यानं डस्टर. दोघांनाही काम पुरं करायला दोन्ही वस्तू हव्यात. आणि नियम असा, की काम झाल्याशिवाय हातातलं सोडायचं नाही. दोघं एकमेकांकडे बघत उभे राहतात.

[दृश्य: दोघं स्तब्ध. लांब शॉट. मागे कुणीतरी हसू दाबतंय.]

हा शॉट आम्ही मुद्दाम कापला नाही. डेडलॉक असाच दिसतो. कुणी चुकलेलं नसतं, कुणी हळू नसतं, आणि काहीही होत नाही.

मॅडम घड्याळाकडे बघतात. पोस्टग्रेस साधारण १ सेकंद थांबतो आणि मग तपासतो की ही नुसती वाट बघणं आहे की गाठ बसलीय. एसक्यूएल सर्व्हरचा पहारेकरी एरवी दर ५ सेकंदांनी फेरी मारतो. गाठ दिसली की एकाचा बळी. एसक्यूएल सर्व्हर शक्यतो असा निवडतो, ज्याचं काम उलटवायला कमी खर्च येईल. त्याला १२०५ क्रमांकाचा एरर मिळतो. त्या संदेशातला शब्दही 'व्हिक्टिम' हाच आहे. मॅडम डस्टरवाल्याला खाली बसवतात. मार्करवाल्याला दोन्ही मिळतात, काम होतं.

मग त्या तोच खेळ पुन्हा लावतात, एक बदल करून: दोघांनीही आधी मार्कर मागायचा, नंतर डस्टर. आता दुसऱ्याच्या हातात अजून काहीच नाही, त्यामुळे तो नुसता थांबतो. पहिल्याचं झालं की त्याचं. कोडमध्ये हा बदल दोन ओळी पुढेमागे करण्याएवढा असतो. त्या दोन ओळी कुठल्या, हे शोधण्यात रात्री जातात.

[दृश्य: टाळ्या. मॅडम कागदाची घडी घालतात. एक ज्येष्ठ सभासद पुढे येऊन काहीतरी सांगतात, आवाज नाही.]

पुढच्या आठवड्यात दोन सभासदांनी आपापल्या कामातला क्रम बदलल्याचं कळवलं.

[दृश्य: तिसरा महिना. स्लाइडवर तारीख: ३१ जानेवारी २०१७.]

तिसरा महिना, विषय बॅकअप. विषय ऐकून खोली अर्धी रिकामी राहील असं वाटलं होतं, पण खुर्च्या कमी पडल्या.

स्लाइडवरची कहाणी गिटलॅबची, प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीची. ती कंपनीनं स्वतःच जगापुढे मांडलेली आहे, म्हणून इथे नावानिशी. त्या रात्री त्यांच्या मुख्य डेटाबेसवर ताण होता, दुय्यम प्रत मागे पडली होती. ती प्रत पुन्हा पहिल्यापासून भरावी म्हणून एका इंजिनिअरनं तिची डेटा डिरेक्टरी पुसायला घेतली. कमांड चालली मुख्य सर्व्हरवर. चूक लक्षात यायला एक-दोन सेकंद लागले. सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले होते.

मग बॅकअप शोधले. रोजचा बॅकअप काही काळापासून होतच नव्हता: डेटाबेसची आवृत्ती ९.६, बॅकअप घेणारं साधन ९.२ चं. अपयशाचे ईमेल निघत होते, पण पलीकडचा सर्व्हर ते नाकारत होता. शेवटी वाचवलं ते साधारण सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी हातानं घेतलेल्या एका स्नॅपशॉटनं, म्हणजे त्या क्षणीच्या डेटाच्या प्रतीनं. त्या सहा तासांतला डेटा गेला. दुरुस्तीचं काम त्यांनी यूट्यूबवर थेट दाखवलं. अहवालात त्या इंजिनिअरचं नाव दिलेलं नाही.

वक्ते स्लाइड बदलतात. पुढच्या स्लाइडवर एकच प्रश्न: 'तुम्ही शेवटचा रिस्टोअर कधी केला?' बॅकअप नव्हे, रिस्टोअर, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत उभा करणं. हात वर करायला सांगतात.

[दृश्य: हात. कॅमेरा हळूहळू खोलीभर फिरतो.]

यानंतरचं आमच्याकडे नाही. या गटात एक पद्धत आहे. व्याख्यान झालं की शेवटचा अर्धा तास आपापल्या ठेचांचा. कंपनीचं नाव घ्यायचं नाही, बाहेर बोलायचं नाही, आणि रेकॉर्डिंग बंद. व्याख्यान काय, नंतर रेकॉर्डिंग बघता येतं, मग एवढ्या लांब कशाला यायचं, असं विचारणाऱ्यांना दाखवण्यासारखं आमच्यापाशी एवढंच आहे:

[दृश्य: बंद दार. काचेतून आतल्या पाठी दिसतायत. आवाज नाही. बराच वेळ.]

[दृश्य: दार उघडतं. माणसं खुर्च्या एकात एक रचतायत. बोर्डावर पाच चौकोन, बाण, एका चौकोनावर मोठी फुली.]

बोर्ड पुसल्यावरच कॅमेरा आत घ्यायचा, असं ठरलं होतं. पण बोर्ड पुसला जात नाही. कुणीतरी चुकून तो दुसरा मार्कर उचलला होता.

पुन्हा सहा जण, सहा मतं. पाणी लावा. कागदानं घासा. राहू दे, नावं कुठे आहेत त्यावर? मग एकजण सांगतो, वरून साध्या मार्करनं गिरवा आणि लगेच पुसा, दोन्ही निघतं. ते चित्र ज्यांनी काढलं होतं, त्यांच्याच हातात मार्कर दिला जातो.

[दृश्य: ते पहिल्या चौकोनापासून गिरवायला लागतात. बाण. दुसरा चौकोन. बाण. मागे दिवे एकेक करून मालवले जातायत. फुलीपाशी हात थांबतो.]

खोली नऊ वाजता रिकामी करून द्यायची असते. नऊला सात मिनिटं कमी आहेत.