सतरा जण आधीच नाही म्हणाले होते

नमस्कार मंडळी. मागच्या दालनातून बटाटेवड्यांचा वास यायला लागला आहे, तेव्हा माझी स्पर्धा कुणाशी आहे हे मला नीट ठाऊक आहे. आटोपशीर बोलतो.

एप्रिलमध्ये बॉस्टन मॅरेथॉन बघायला आपल्यातले कितीतरी जण वेलस्ली हिल्सला वॉशिंग्टन स्ट्रीटच्या कडेला उभे राहतात. त्याच रस्त्यावर एक युनिटेरियन चर्च आहे. १९३९ साली तिथे रेव्हरंड वेटस्टिल शार्प पाद्री होते. वय ३६, शिक्षण हार्वर्डमध्ये कायद्याचं. पत्नी मार्था समाजकार्यात मुरलेल्या. घरात एक शाळकरी मुलगा आणि त्याच्या पाठची छोटी मुलगी. एकंदरीत बरं चाललेलं बिऱ्हाड.

युनिटेरियन म्हणजे एकच ईश्वर मानणारे, कर्मकांडापेक्षा आचरणाला महत्त्व देणारे. आपल्याला हा पंथ अगदीच परका नाही. प्रार्थना समाजाचे विठ्ठल रामजी शिंदे याच लोकांच्या शिष्यवृत्तीवर १९०१ मध्ये ऑक्सफर्डला तौलनिक धर्म शिकायला गेले, आणि परत आल्यावर १९०६ मध्ये त्यांनी अस्पृश्यांसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन उभारलं. धर्म शिकायचा आणि मग वस्तीत जाऊन काम करायचं, ही रीत दोन्हीकडे सारखी.

तर १९३९ च्या जानेवारीत शार्प यांना एव्हरेट बेकर या सहकारी पाद्र्याचा फोन आला. आदल्या वर्षीच्या म्युनिक करारात झेकोस्लोव्हाकियाचा सुडेटनलँड हा सीमाभाग हिटलरच्या घशात गेला होता. तिथले, जर्मनीचे आणि ऑस्ट्रियाचे परागंदा लोक, त्यात ज्यू होते, समाजवादी होते, लेखक होते, प्रागमध्ये येऊन साचले होते. तिथे जाऊन मदतकार्य चालवाल का, असं बेकर विचारत होते. त्याआधी त्यांनी सतरा जणांना विचारलं होतं आणि सतराही जण नाही म्हणाले होते. मला त्या सतरा जणांचा राग येत नाही. युद्ध तोंडावर आलेलं, घरी लेकरं. नाही म्हणायला कारणं भरपूर होती. शार्पही तीच कारणं सांगू शकले असते. पण फेब्रुवारीत मुलांना ओळखीच्यांकडे ठेवून नवराबायको बोटीत बसले.

त्यांना प्रागमध्ये जेमतेम तीन आठवडे मिळाले. १५ मार्चला, बर्फ पडत असताना, जर्मन फौजा शहरात शिरल्या. आदल्या रात्री या दोघांनी काय केलं असेल? निर्वासितांची नावं असलेले कागद भट्टीत घातले. ज्या यादीवर रोजचं काम चालायचं, तीच आता कुणाच्या हाती पडली तर माणसांच्या जिवावर उठणार होती.

पुढचं काम मला सगळ्यात थक्क करतं, कारण त्यात शौर्य दिसतच नाही. नुसता हिशेब दिसतो. देश सोडणाऱ्याला आपले झेक क्राउन बाहेर नेता येत नव्हते. तो ते प्रागमध्ये शार्प यांच्याकडे द्यायचा आणि बाहेर पोचल्यावर अमेरिकेतल्या देणग्यांतून त्याला डॉलर किंवा पौंड मिळायचे. आपल्या पेढीवरची हुंडीच म्हणा ना. इकडे जमलेल्या क्राउनमधून प्रागमधल्या निर्वासितांच्या जेवणाखाणाची सोय व्हायची आणि देणगीचं परकीय चलन नाझींच्या हाती लागायचं नाही. व्यवहार अर्थातच बेकायदा. चर्चमध्ये प्रवचन देणारा, कायदा शिकलेला माणूस हे करत होता, आणि त्याला त्याची जराही खंत नव्हती असं दिसतं.

व्हिसाचं सांगायला नकोच. या सभागृहात एच-वन, आय-१४० आणि प्रायॉरिटी डेट या व्हिसा-ग्रीनकार्डाच्या भानगडींवर झोप न उडालेलं माणूस सापडणं कठीण. पण आपल्या फाइलला उशीर झाला तर आपण परत जातो, आपल्या घरी. त्यांना घरच उरलं नव्हतं. १९२४ च्या अमेरिकी कायद्याने देशनिहाय कोटा ठरलेला, झेकोस्लोव्हाकियाचा वर्षाला तीन हजारांच्याही आत. वर अमेरिकेतल्या कुणीतरी यांचा खर्च मी करीन असं प्रतिज्ञापत्र द्यायचं. वीस हजार मुलांना कोट्याबाहेर येऊ द्या, असं वॅग्नर-रॉजर्स विधेयक त्याच वर्षी आलं आणि तसंच पडून राहिलं. (कोल्हापूरकर इथे मान ताठ करू शकतात. १९४३ मध्ये तुमच्या वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी उभी राहिली आणि ती १९४८ पर्यंत होती.)

ऑगस्टमध्ये शार्प एका बैठकीसाठी स्वित्झर्लंडला गेले आणि त्यांना प्रागला परतू दिलं गेलं नाही. मार्थाही त्याच महिन्यात प्रागहून निघाल्या. झालं, घरी आले. आणि १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर पुन्हा मुलांना ठेवून लिस्बनला! या वेळी त्यांच्यामागे नव्याने स्थापन झालेली युनिटेरियन सर्व्हिस कमिटी होती.

त्या खेपेचा एक प्रसंग सांगतो. हिटलरला नकोशा झालेल्या जर्मन लेखकांत लिऑन फॉइष्टवांगर यांचं नाव अगदी वर होतं. ते फ्रान्समधल्या छावणीतून निसटून मार्सेयमध्ये लपले होते. शार्प यांनी त्यांना आणि त्यांच्या पत्नीला स्पेनच्या वाटेने काढलं. पिरेनीज पर्वत पायी ओलांडायचा होता. स्पेनच्या नाक्यावर त्या बाईंनी पिशवीतली कॅमल सिगारेटची पाकिटं टेबलावर ओतली आणि म्हणाल्या, यांवर जकात फार पडते म्हणे, राहू देत इथेच. शिपाई पाकिटांवर तुटून पडले. कागदावरचं नाव कुणी धड वाचलं नाही, शिक्का मात्र बसला. लिस्बनला न्यूयॉर्कच्या बोटीत जागा कमी पडली तेव्हा मार्था यांनी स्वतःची जागा फॉइष्टवांगर यांना दिली. वेटस्टिल त्यांना घेऊन निघाले, मार्था मागे राहिल्या आणि डिसेंबरात फ्रान्समधून २७ मुलांना घेऊन अमेरिकेत आल्या.

याची किंमत घराने मोजली, तीही सांगायला हवी. आईवडील दोनदा दूर गेले, हे मुलांच्या मनातून गेलं नाही. वेटस्टिल पुढे निर्वासितांच्याच कामासाठी कैरोला गेले. मार्था १९४६ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, निवडणुकीला उभ्या राहिल्या, कम्युनिस्ट असल्याच्या कुजबुजी झाल्या आणि त्या हरल्या. १९५४ मध्ये दोघांचा घटस्फोट झाला. मला तरी हे सगळं कळल्यावर त्यांच्याविषयीचा आदर कमी झाला नाही. उलट ती माणसं फोटोतून खाली उतरली.

दोघांनी या कामाचा कधी गाजावाजा केला नाही. १९७६ मध्ये त्यांच्या नातवाला, आर्टेमिस जुकोव्स्कीला, शाळेत गृहपाठ मिळाला: नैतिक धैर्य दाखवलेल्या कुणाची तरी मुलाखत घ्या. आई म्हणाली, आजीशी बोल. तोवर त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पुढे त्याने वर्षानुवर्षं कागद गोळा केले. २००६ मध्ये जेरुसलेमच्या याद वाशेम या ज्यू संहाराच्या स्मारकात, ज्यूंना वाचवणाऱ्या इतर धर्मीयांना देतात तो मान देऊन, या दांपत्याचा मरणोत्तर सन्मान झाला. त्यांच्याआधी तो मान मिळालेला अमेरिकन एकच, मार्सेयमधून निर्वासितांना बाहेर काढणारा व्हेरियन फ्राय.

त्यांची पत्रं आणि कागद प्रॉव्हिडन्सला ब्राउन विद्यापीठात आहेत, इथून तासाभराची वाट. कुणाला यायचं असेल तर जेवताना मला गाठा, गाडीत जागा आहे.