आघाताची जागा

शाळेत आपण इंग्रजी शब्दांची स्पेलिंगे घोकतो आणि अर्थ पाठ करतो. पण शब्दातील कोणत्या अक्षरावर जोर, म्हणजेच आघात, द्यायचा, हे आपल्याला बहुधा कोणी सांगतच नाही, आणि ही उणीव मला फार मोठी वाटते. येथे अक्षर म्हणजे लिपीतील चिन्ह नव्हे, तर एका स्वराभोवती जमलेला, एका झटक्यात उच्चारला जाणारा ध्वनींचा गट. ‘कमळ’ लिहिताना तीन अक्षरे दिसतात, पण बोलताना ‘क’ आणि ‘मळ्’ अशी दोनच असतात. इंग्रजीतील ‘स्ट्रेंग्थ्स’ या शब्दात रोमन लिपीतील नऊ वर्ण आहेत, स्वर मात्र एकच असल्यामुळे तो एकाक्षरी ठरतो.

मराठीत आघाताची जागा बदलली म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही. इंग्रजीत तो बदलू शकतो : पहिल्या अक्षरावर जोर दिला की ‘रेकॉर्ड’ हे नाम होते, दुसऱ्यावर दिला की ‘रिकॉर्ड’ हे क्रियापद. यात आघाताबरोबर पहिला स्वरही बदलला, आणि माझ्या मते सगळ्या विषयाचे मर्म इथेच आहे. आघात नसलेल्या अक्षरातील स्वर इंग्रजीत बहुधा आखडतो आणि आपल्या ‘अ’सारखा पुसट होतो. ‘फोटग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर असतो, ‘फटॉग्रफी’मध्ये तो दुसऱ्यावर सरकताच ‘फो’चा ‘फ’ होतो आणि ‘ट’ला ‘टॉ’चे तेज येते, ‘फोटग्रॅफिक’मध्ये तो तिसऱ्यावर जातो. आपण मात्र देवनागरीत ‘फोटोग्राफी’ असे लिहितो, प्रत्येक स्वराला त्याचे पूर्ण माप देतो आणि तसेच बोलतो.

हा आघात असा फिरतो, याला इतिहास आहे. जर्मनशी नाते असलेल्या, इंग्रजीतील मूळच्या जुन्या जर्मानिक शब्दांत तो धातूवर, म्हणजे शब्दाच्या मूळ भागावर, घट्ट बसलेला असतो, म्हणून ‘फादर’, ‘फादरली’, ‘फादरहुड’ या तिन्हींत तो जागचा हलत नाही. १०६६ मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच आणि लॅटिन शब्दांचा मोठा ओघ इंग्रजीत आला आणि त्यांच्यासोबत आघात ओढून घेणारे प्रत्ययही आले. त्यामुळे ‘फॅमिली’त पहिल्या अक्षरावर असलेला जोर ‘फमिलिअर’मध्ये दुसऱ्यावर जातो आणि ‘फमिलिॲरिटी’त आणखी पुढे सरकतो. ‘इक’ या प्रत्ययाआधीच्या अक्षरावर सहसा आघात येतो, पण अंकगणित या अर्थाचे ‘अरिथ्मटिक’ हे नाम त्याला अपवाद आहे.

म्हणून नवा शब्द वहीत उतरवताना कोश उघडावा. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी वापरणाऱ्या कोशांत आघाताच्या अक्षराआधी, वरच्या अंगाला, एक लहान उभी रेघ असते. ‘डेव्हलप’ असे आपण सर्रास म्हणतो त्या शब्दात ती रेघ दुसऱ्या अक्षराआधी सापडेल, कारण त्याचा उच्चार ‘डिव्हेलप’ असा आहे. ‘पोलीस’मध्येही ती ‘ली’च्याच आधी असते.