सर्फबोर्डला खाली तीन फिन का असतात?

(बोर्ड उलटा धरलेला, शेपटी कॅमेऱ्याकडे)

नमस्कार मंडळी!

बोर्ड मुद्दाम उलटा धरलाय. शेपटीकडे बघा. तीन फिन आहेत, म्हणजे माशाच्या परासारखी उभी पाती. दोन थोडे पुढे, कडांना लागून, आणि एक मागे मधोमध. जगातल्या कुठल्याही सर्फच्या दुकानात शिरा, छोट्या बोर्डांच्या रांगेत बहुतेकांना हीच मांडणी दिसेल. पण 1980 च्या सुरुवातीला सिडनीच्या किनाऱ्यावर फिरला असतात, तर एक फिनवाले आणि दोन फिनवाले, जवळजवळ एवढेच बोर्ड दिसले असते. तिसरा फिन आला सिडनीच्या उत्तरेला असलेल्या नॅराबीनमधून, सायमन अँडरसन नावाच्या उंच, दणकट माणसाच्या अडचणीतून.

ती अडचण कळायला आधी बोर्ड घडतो कसा हे कळायला हवं. म्हणून जरा मागे जाऊ.

ऑस्ट्रेलियात सर्फिंगची गोष्ट सांगताना सुरुवात करतात ती 1914 च्या डिसेंबरापासून. हवाईचा ऑलिंपिक जलतरणपटू ड्यूक कहानामोकू पोहण्याच्या शर्यतींसाठी सिडनीला आला होता. बोर्ड सोबत नव्हता, म्हणून त्याने सिडनीतच मिळालेलं पाइनचं लाकूड घेऊन एक तासला आणि फ्रेशवॉटरच्या किनाऱ्यावर लोकांना लाटेवर उभं राहून दाखवलं. इझाबेल लेथम ही तिथलीच शाळकरी मुलगी, तिलाही त्याने आपल्यासोबत बोर्डावर घेतलं. लाटांवर फळ्या घेऊन धडपडणारे लोक त्याआधीही इथे होते, पण लोकांच्या लक्षात राहिला तो ड्यूक. त्याचा तो बोर्ड आजही फ्रेशवॉटरच्या लाइफ सेव्हिंग क्लबात जपून ठेवलाय. सिडनीला गेलात तर बघून या.

पुढची चाळीसेक वर्षं पटकन सांगतो. बोर्ड लांबलचक होते, पुढे पुढे प्लायवूडचे, आतून पोकळ, काही तर सोळा फुटी. लाट पकडायची आणि नाकासमोर सरळ किनाऱ्यावर यायचं. वळणं वगैरे विसरा. 1956 ला मेलबर्न ऑलिंपिकच्या निमित्ताने अमेरिकेचे लाइफगार्ड आले आणि त्यांनी सोबत बाल्सा या अगदी हलक्या लाकडाचे बोर्ड आणले. आखूड, हलके, वरून फायबरग्लास, खाली फिन. ते बोर्ड लाटेवर वळत होते! इथली पोरं बघतच राहिली. सगळ्यांना तसलाच बोर्ड हवा झाला. मग सिडनीच्या ब्रुकवेल या औद्योगिक वस्तीत एकापाठोपाठ एक कारखाने उभे राहिले. गॉर्डन वुड्स, बॅरी बेनेट, स्कॉट डिलन ही त्यातली नावं. बाल्सा इक्वाडोरहून यायचा, पुरायचा नाही. साठच्या दशकाच्या तोंडावर फोम आला आणि ती कटकट संपली.

आता कारखान्यात जाऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मला सगळ्यात जास्त मजा इथेच येते.

बोर्ड घडवणारा तो शेपर. त्याच्याकडे येतो तो ब्लँक, म्हणजे साधारण बोर्डाच्या आकाराचा पॉलियुरेथेन फोमचा पांढरा ठोकळा. मधोमध लांबीभर लाकडाची पातळ पट्टी चिकटवलेली असते, तो स्ट्रिंगर. नुसत्या फोमला लाटेचा मार झेपत नाही, पाठीचा कणा लागतो. शेपर साचा ठेवून पेन्सिलीने बाहेरची रेघ आखतो, करवतीने कापतो आणि इलेक्ट्रिक रंधा हातात घेतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं आणि चालता चालताच रंध्याची खोली कमीजास्त करायची. मध्येच थबकलात की तिथे खड्डा पडलाच. रंध्यानंतर दाताळ कानस, मग पॉलिश पेपर, शेवटी घासायची अगदी बारीक जाळी.

ही खोली बघण्यासारखी असते. अरुंद, भिंती गडद रंगाच्या, आणि ट्यूबलाइट छताला नाहीत तर दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, बोर्डाच्या उंचीला. आपल्याकडे भिंतीचं प्लास्टर तपासायला मिस्त्री बॅटरी भिंतीला टेकवून आडवी मारतो ना, तेच तंत्र. आडव्या उजेडात केसाएवढा उंचवटाही सावली टाकतो. शेपर बोर्डाकडे कमी आणि त्या सावलीकडे जास्त बघत असतो.

घडवतो काय, तर मुख्यतः चार गोष्टी. पहिली, वरून दिसणारा आकार. दुसरी रॉकर, म्हणजे बोर्ड जमिनीवर ठेवून बाजूने बघितला की दोन्ही टोकं वर उचललेली दिसतात तो बाक. नाकाचा बाक जास्त असेल तर उभ्या लाटेवरून उतरताना नाक पाण्यात घुसत नाही. पण तोच बोर्ड सपाट, मऊ लाटेवर पाणी ढकलत बसतो आणि मंदावतो. तिसरी कडा. शेपटीकडे धारदार असली की पाणी तिथे तुटून सुटतं आणि वेग मिळतो. पुढे गोलसर असली की कडा पाण्यात अडकत नाही. चौथी तळ, तो खोलगट किती आणि कुठे. यातली एक बदलली की बाकी तिन्हींचा हिशोब बिघडतो. म्हणून चांगला शेपर तुम्हाला आधी विचारतो, वजन किती आणि कुठल्या किनाऱ्यावर जाता? रंगाचा विषय शेवटी.

आणि मापांची गंमत ऐका. ऑस्ट्रेलियाने सत्तरच्या दशकात मेट्रिक मापं घेतली. रस्त्यावर किलोमीटर, दुकानात किलो. बोर्ड मात्र अजून फूट-इंचात, सहा फूट लांब, पावणेएकोणीस इंच रुंद. आणि त्याच बोर्डाचं आकारमान लिटरमध्ये! एका बोर्डावर दोन्ही पद्धती सुखाने नांदतात, कुणाला काही वाटत नाही.

घडवून झालं की फायबरग्लासचं कापड अंथरायचं, रेझिनमध्ये, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या चिकट द्रवात, हार्डनर मिसळून ओतायचं आणि रबरी पट्टीने पसरायचं. हे भराभर करावं लागतं, कारण मिसळल्या क्षणापासून रेझिन घट्ट व्हायला लागतं. इथे एक फरक लक्षात ठेवा. पॉलिएस्टर रेझिन पॉलियुरेथेन फोमवर चालतं. थर्माकोलसारखा पॉलिस्टायरिन फोम असेल तर हेच रेझिन त्याला चक्क विरघळवून टाकतं. तिथे एपॉक्सी हे दुसरं रेझिनच लागतं.

मग घासकाम. ही धूळ वाईट. फोमची, काचेच्या धाग्यांची, वर रेझिनचा उग्र वास. जुन्या पिढीतल्या कित्येकांनी आयुष्यभर मास्कशिवाय काम केलं. सर्फिंगच्या जाहिरातींत हा भाग कधी दिसत नाही.

(फिनवर बोट ठेवून)

आता फिन. एकच मोठा फिन मधोमध असेल तर बोर्ड भरवशाचा असतो, मोठ्या लाटेवर धरून राहतो, पण वळायला जड. साठच्या दशकाच्या शेवटी बोर्ड आखूड झाले, त्यात बॉब मॅकटॅव्हिशसारख्या शेपरचा मोठा हात होता. पण फिन बहुतेकांनी एकच ठेवला. मग ऑस्ट्रेलियातल्याच न्यूकॅसलचा मार्क रिचर्ड्स दोन फिनचा बोर्ड घेऊन उतरला. हा स्वतःचे बोर्ड स्वतः घडवायचा. छोट्या लाटेवर असला सुळसुळीत वेग कुणी बघितला नव्हता. 1979 ते 1982, सलग चार जागतिक विजेतेपदं त्याने घेतली.

अँडरसनची पंचाईत तिथे झाली. दोन फिनवर त्याच्या वजनाने जोरात वळण घेतलं की शेपटी बाजूला निसटायची. एक फिनचा बोर्ड निसटायचा नाही, पण छोट्या लाटेवर त्या हलक्या पोरांपुढे संथ पडायचा. स्पर्धा करायच्या तर दोन्ही हवं होतं.

1980 च्या ऑक्टोबरमध्ये फ्रँक विल्यम्स या दुसऱ्या सर्फरच्या दोन फिनच्या बोर्डावर त्याला मागे एक छोटासा जादा फिन दिसला. अँडरसनच्या डोक्यात आलं, छोटा कशाला? तिन्ही सारखेच करू. त्याने घडवला, नॅराबीनला नेला, आणि बोर्डाला नाव दिलं थ्रस्टर, म्हणजे पुढे रेटणारा.

यात नेमकं होतं काय? कडेचे दोन फिन सरळ बसवत नाहीत. त्यांची पुढची टोकं किंचित आत वळवतात आणि ते बाहेरच्या बाजूला थोडे कलतेही असतात. शिवाय आतली बाजू सपाट, बाहेरची फुगीर. वळताना त्यांच्यावरून पाणी गेलं की बोर्ड पुढे रेटला जातो. मागचा फिन दोन्ही बाजूंनी सारखा आणि अगदी सरळ. तो शेपटीला निसटू देत नाही. म्हणजे पुढचे दोघे रेटा देतात, मागचा आवरतो. जोर लावून वळायचं धाडस त्यामुळे करता येतं. पुढच्या फिनची मागची कड शेपटीपासून साधारण अकरा इंचांवर आणि मागच्याची साडेतीन इंचांवर. आजही बहुतेक शेपर याच्या आसपासच खुणा करतात.

सुरुवातीला लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. मग आला 1981 चा ईस्टर आणि बेल्स बीच. मेलबर्नच्या नैऋत्येला टॉर्कीजवळचा हा किनारा आहे, मागे उंच कडे, समोर थेट दक्षिण महासागर. तिथल्या वादळांची लाट मध्ये कुठेही न अडता येते. त्या वर्षी स्पर्धेच्या वेळी लाटा पंधरा फुटांच्या आसपास गेल्या. दोन फिनवाल्यांना बोर्ड सांभाळणंच अवघड झालं, आणि हा धिप्पाड गडी त्याच लाटांवर पूर्ण जोर लावून वळत होता. बेल्स त्याने जिंकली. पुढे सिडनीची मोठी स्पर्धा जिंकली आणि वर्षाच्या शेवटी हवाईची पाइपलाइन मास्टर्सही. त्यानंतर वाद घालायला कुणी उरलं नाही. थोड्याच वर्षांत जवळजवळ सगळे तीन फिनवर आले.

पेटंट? घेतलं नाही. जगभर लाखो बोर्डांवर ती मांडणी गेली आणि त्याला त्यातला एक डॉलरही मिळाला नाही. लोक हळहळतात. मला वाटतं पेटंट टिकवणंही सोपं गेलं नसतं, कारण कॅलिफोर्नियात कॅम्पबेल बंधूंचा तीन फिनचा बोर्ड सत्तरच्या दशकातच आला होता. त्यात मधला फिन मोठा आणि बाजूचे बुटके, म्हणजे मांडणी वेगळी होती, पण वकिलाला तेवढं पुरे. शिवाय त्या काळी शेपर एकमेकांचं बघूनच शिकायचे. अँडरसनने स्वतः तेच केलं होतं.

धंद्याचं आजचं चित्र वेगळं आहे. डिझाइन संगणकावर होतं, यंत्र ब्लँक कापून देतं, आणि शेपर शेवटचा हात फिरवतो. थायलंडमधल्या कारखान्यांतून तयार बोर्ड येतात. ऑस्ट्रेलियात हाताने घडवून घेतलेल्या बोर्डाला हजार डॉलरच्या आसपास मोजावे लागतात, आणि त्यातले शेपरच्या हाती फार उरत नाहीत. अमेरिकेतली क्लार्क फोम ही ब्लँकची सगळ्यात मोठी कंपनी 2005 च्या डिसेंबरात एका दिवसात बंद झाली, तेव्हा तिथले शेपर अक्षरशः ब्लँक शोधत फिरत होते. ऑस्ट्रेलियात मात्र स्वतःचे ब्लँक बनवणारे होते. त्यातला एक कारखाना मिजेट फॅरेलीचा, म्हणजे 1964 ला सिडनीच्या मॅनली किनाऱ्यावर जगज्जेता झालेल्या सर्फरचा!

आता किनाऱ्यावर. सर्फर पहाटे का उठतात? शिस्त वगैरे काही नाही, वारा. शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे शिकलो होतो, आठवतंय? पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, लाटेचं तोंड उभं धरतो आणि गुळगुळीत ठेवतो. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की सगळं विस्कटतं. म्हणून सातला नोकरीवर जाणारा प्लंबर पाचला पाण्यात असतो.

पाण्यात एक कायदा आहे. लाट जिथे फुटायला लागते त्याच्या सर्वात जवळ जो असेल, लाट त्याची. त्याच्यासमोर घुसायचं नाही. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या गोल्ड कोस्टला, तिथल्या स्नॅपर रॉक्सला गर्दीच्या दिवशी हा कायदा मोडताना बघाल आणि वरून शिव्याही ऐकाल. तिथली लाट तर निम्मी माणसाने बनवलेली आहे. ट्वीड नदीच्या मुखाशी अडकणारी वाळू 2001 पासून पंपाने उत्तरेला टाकतात, तिचा लांबच लांब उथळ पट्टा झाला, आणि त्यावर सुपरबँक ही जगप्रसिद्ध लाट उभी राहिली. त्याच वाळूखाली शेजारच्या किरा किनाऱ्याची जुनी लाट मात्र गाडली गेली. कोण खूश, कोण चिडलेलं, हे तुम्ही कुठे राहता त्यावर.

शेवटी, तुमच्यापैकी कुणी तिकडे शिकायला जाणार असेल तर हा माझ्या हातातला बोर्ड मागू नका. पहिल्या दिवशी आठ-नऊ फुटी, मऊ फोमचा, जाडजूड बोर्ड घ्या. तो वळणार नाही, पण तुम्ही त्यावर उभे राहाल. आणि किनाऱ्यावर लाल-पिवळे झेंडे दिसतील, त्यांच्यामधली जागा पोहणाऱ्यांची. बोर्ड घेऊन तिथे शिरलात तर लाइफगार्ड शिट्टी मारून बाहेर काढतो. पुढच्या भागात लाट कशी वाचायची ते बघू. चला, भेटू.