तुमच्या फीमधून निघणारा कॅम्पसचा पेपर नेमका कोणाचा?

नमस्कार मंडळी!

अमेरिकेत शिकणारं कुणी ओळखीचं असेल तर त्याचं फीचं बिल एकदा बघायला मागा. वरती ट्यूशनचा मोठा आकडा, मग इन्शुरन्स, मग लॅब. आणि खाली कुठेतरी एक ओळ असते, स्टुडंट ॲक्टिव्हिटी फी. ट्यूशनच्या मानाने ही रक्कम इतकी लहान असते की त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. भरावी लागते, लोक भरतात, विसरून जातात.

आजचा व्हिडिओ या एका ओळीवर आहे.

हे पैसे गोळा करतं विद्यापीठ, पण ते कुणाला किती द्यायचे हे अनेक ठिकाणी विद्यार्थीच ठरवतात, निवडून आलेले विद्यार्थी. तिकडे स्टुडंट गव्हर्न्मेंट नावाचा प्रकार असतो. त्यात अध्यक्ष असतो, सिनेट असते, अर्थसमिती असते, काही ठिकाणी तर स्वतःचं न्यायमंडळही असतं. नाटकाच्या ग्रुपपासून वादविवाद मंडळापर्यंत सगळे या अर्थसमितीसमोर अर्ज घेऊन येतात. आणि पुष्कळ विद्यापीठांत त्याच रांगेत कॅम्पसचा पेपरही उभा असतो.

आता गोची बघा. या पेपरचं एक मुख्य काम काय? याच सिनेटवर लक्ष ठेवणं. म्हणजे परवा ज्या सिनेटरच्या प्रवासखर्चावर पेपरने बातमी केली, तोच सिनेटर आज पेपरच्या छपाईच्या खर्चावर मत देणार. संपादक समोर फाइल घेऊन बसलेला, आणि सिनेटर विचारतो, ‘एवढी पानं छापायची खरंच गरज आहे का?’ प्रश्न अगदी रास्त वाटतो. हेतू काय होता ते सिद्ध करून दाखवा बरं!

तुम्ही म्हणाल, पोराटोरांचं राजकारण ते, त्यात एवढं काय. तर अलाबामा विद्यापीठाकडे बघा.

(पडद्यावर : अलाबामा विद्यापीठ, १९९३)

तिथे फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटी, म्हणजे मुलांच्या आणि मुलींच्या निवासी मंडळांची, एक छुपी आघाडी वर्षानुवर्षं विद्यार्थी निवडणुका फिरवते असं बोललं जातं. तिला सगळे ‘द मशीन’ म्हणतात. १९९३ साली या आघाडीबाहेरच्या एका उमेदवार मुलीवर तिच्या घरात हल्ला झाला. प्रकरण इतकं चिघळलं की विद्यापीठाने विद्यार्थी सरकारच बरखास्त केलं. ते परत यायला १९९६ उजाडलं. पुढे २०१३ मध्ये तिथल्याच ‘क्रिमसन व्हाइट’ या विद्यार्थी पेपरने बातमी दिली की सोरॉरिटीत गोऱ्या नसलेल्या मुलींना वंशामुळे प्रवेश नाकारला जातोय. बातमी देशभर गाजली आणि विद्यापीठाला प्रवेशाची प्रक्रिया पुन्हा उघडायला लावावी लागली. ही बातमी बाहेरचा मोठा पेपर आधी करू शकला असता का? मला नाही वाटत. आत राहणारी, त्याच मेसमध्ये जेवणारी माणसंच ती काढू शकतात.

आता कायदा. इथे एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. अमेरिकी राज्यघटनेची पहिली घटनादुरुस्ती, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी, फक्त सरकारला बांधते. राज्याचं विद्यापीठ हे सरकारच, त्यामुळे त्याला ती लागू होते. खासगी विद्यापीठाला लागू होत नाही, मग ते कितीही नावाजलेलं असो.

राज्य विद्यापीठांचा पहिला मोठा खटला १९७३ चा. नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल युनिव्हर्सिटी हे कृष्णवर्णीयांसाठी उभं राहिलेलं विद्यापीठ. तिथल्या ‘कॅम्पस इको’ या पेपरने गोरे विद्यार्थी वाढत असल्याबद्दल कडक लेख लिहिला. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी पेपरचे पैसे बंद केले. त्यांची भूमिका वरवर पाहता चुकीची नव्हती. वंशभेदाला पाठिंबा देणाऱ्या मजकुरावर सरकारी पैसा का खर्च करायचा? पण अपील कोर्टाने ते मानलं नाही. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं : पेपर सुरू करायचं बंधन विद्यापीठावर नाही, पण एकदा सुरू केल्यावर मजकूर आवडला नाही म्हणून त्याचा गळा आवळता येणार नाही.

दुसरा खटला माझा आवडता आहे, कारण त्यात खेळी हुशारीची होती. मिनेसोटा विद्यापीठाच्या ‘मिनेसोटा डेली’ने १९७९ मध्ये परीक्षेच्या आठवड्यात एक विनोदी अंक काढला. धर्माची, राजकारण्यांची यथेच्छ टिंगल. लोक खवळले, आमदार खवळले. विद्यापीठाच्या नियामक मंडळाने पेपर बंद केला नाही, की दमडीही थेट कापली नाही. त्यांनी एवढंच केलं की पेपरसाठीची फी ज्याला नको असेल त्याला परत मिळेल, असा नियम आणला. ऐकायला किती लोकशाहीवादी! पण १९८३ मध्ये अपील कोर्टाने हा नियम घटनाबाह्य ठरवला. यातला एक तपशील फार बोलका होता. त्याच विद्यापीठाच्या इतर कॅम्पसवरच्या पेपरांच्या फीला या मंडळाने हातही लावला नव्हता. बदल फक्त टिंगल करणाऱ्या पेपरपुरता होता. हेतू सिद्ध करा म्हणालो ना मघाशी? तो असा सिद्ध होतो.

आतापर्यंत कात्री विद्यापीठाच्या हातात होती. आता विद्यार्थ्यांकडे या.

(पडद्यावर : ५,८६२ डॉलर)

व्हर्जिनिया विद्यापीठ. दर सत्राला प्रत्येक विद्यार्थ्याकडून १४ डॉलर घेतले जायचे आणि त्यातून विद्यार्थी मासिकांच्या छपाईची बिलं चुकती व्हायची. ‘वाइड अवेक’ नावाच्या ख्रिश्चन मासिकाने ५,८६२ डॉलरचं बिल लावलं. स्टुडंट कौन्सिलने नियमावर बोट ठेवलं, ही धार्मिक बाब आहे, पैसे नाहीत. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९५ मध्ये पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या बहुमताने मासिक जिंकलं. बाकी मतांच्या मासिकांची बिलं भरता, तर धार्मिक मताच्या मासिकाचीही भरा.

मग २००० साली बरोबर उलटा प्रश्न आला. विस्कॉन्सिन विद्यापीठातले काही विद्यार्थी म्हणाले, आम्हाला न पटणाऱ्या संघटनांसाठी आमची फी का? तेव्हा तिथे ही फी वर्षाला ३३१ डॉलर ५० सेंट होती, म्हणजे अगदीच चिल्लर नाही. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की सक्तीची फी चालेल, अट एकच : वाटप करताना कुणाचं मत काय आहे ते बघायचं नाही. वर आणखी एक गोष्ट म्हटली, जी विद्यार्थी नेत्यांना आजही पचत नाही. एखाद्या संघटनेला पैसे द्यायचे की नाही हे सार्वमताने ठरवणं या अटीत बसेल असं दिसत नाही. कारण सरळ आहे. बहुमताला न आवडणारं मत बहुमताच्या दारात निवाड्यासाठी नेलं, तर निकाल काय लागणार हे आधीच माहीत असतं.

एवढं सगळं असूनही पळवाट निघालीच. २०१५ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘द कोआला’ नावाच्या पेपरने अत्यंत ओंगळ मजकूर छापला. मी त्याची बाजू घेत नाहीये, वाचवत नाही ते. विद्यार्थी कौन्सिलने काय करावं? फक्त कोआलाचे पैसे बंद केले तर कोर्टात हरणार, हे त्यांना ठाऊक असावं. म्हणून त्यांनी सगळ्याच छापील माध्यमांचे पैसे बंद केले! सगळ्यांना सारखं वागवलं, आता बोला! खालच्या कोर्टात हे टिकलं, पण २०१९ मध्ये अपील कोर्टाने कोआलाचा दावा पुन्हा जिवंत केला. माझं मत विचाराल तर ही चाल थेट बंदीपेक्षा वाईट. एका पेपरचा राग, आणि ज्यांचा त्या भांडणाशी संबंध नाही अशी मासिकंही त्यात भरडली गेली.

खासगी विद्यापीठात मात्र कोर्टाचं दार या कारणाने ठोठावताच येत नाही. कनेक्टिकटमधलं वेस्लीयन घ्या. २०१५ मध्ये तिथल्या ‘आर्गस’ने ब्लॅक लाइव्हज मॅटर, म्हणजे कृष्णवर्णीयांवरच्या अन्यायाविरुद्धच्या चळवळीवर टीका करणारा एका विद्यार्थ्याचा लेख छापला. पेपरचे पैसे बंद करा म्हणून सह्यांची मोहीम निघाली आणि विद्यार्थी सभेने पेपरच्या निधीची पुनर्रचना करण्याचा ठराव संमत केला. ‘पुनर्रचना’ हा शब्द ऐकलात की खिसा सांभाळा.

मग पेपरने करायचं काय? काहींनी सरळ घर सोडलं. फ्लोरिडा विद्यापीठाच्या ‘ॲलिगेटर’च्या संपादकाने १९७१ मध्ये, गर्भपाताची माहिती छापणं राज्यात गुन्हा असताना, मदत कुठे मिळेल त्याची यादीच पेपरसोबत वाटली. त्याला अटक झाली, तो कायदा कोर्टात टिकला नाही आणि १९७३ मध्ये पेपर विद्यापीठातून बाहेर पडला. आजही तो नावात ‘इंडिपेंडंट’ लावतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचा ‘डेली कॅलिफोर्नियन’ १९७१ मध्ये स्वतंत्र झाला, ‘स्टॅनफर्ड डेली’ १९७३ मध्ये. या शेवटच्या पेपरने काय केलं ते अनेकांना आठवत असेल. थिओ बेकर या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने २०२२ मध्ये विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या जुन्या शोधनिबंधांत छापलेल्या चित्रांच्या खरेपणावर प्रश्न उभे केले. चौकशी बसली आणि २०२३ मध्ये अध्यक्ष मार्क टेसिए-लाविन यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. पेपरचा पगार आणि छपाई अध्यक्षांच्या कार्यालयातून येत असती, तर ही लेखमाला इतकी लांबली असती का? विचार करा.

पण स्वातंत्र्य म्हटलं की लगेच टाळ्या पिटू नका. स्वतंत्र पेपर जगतो जाहिरातींवर आणि देणग्यांवर. जाहिराती आटल्या. २०१२ मध्ये त्याच ‘डेली कॅलिफोर्नियन’ला विद्यार्थ्यांपुढे मत मागायला यावं लागलं, दर सत्राला २ डॉलर फी द्या म्हणून. विद्यार्थ्यांनी दिली. म्हणजे ४१ वर्षांनी गाडी पुन्हा फीच्या स्टेशनात.

आणि हो, पैसे न कापताही पेपर अडवता येतो. इलिनॉयमध्ये २००० साली एका डीनबाईंनी थेट छापखान्यालाच फोन केला, मला दाखवल्याशिवाय छापायचं नाही. कोर्टात त्या सुटल्या, पण त्यामुळे राज्याने पुढे विद्यार्थी पत्रकारांच्या संरक्षणाचा कायदा केला. बर्कली शहरात तर २००२ मध्ये महापौरपदाच्या एका उमेदवाराने ‘डेली कॅलिफोर्नियन’चे हजारेक अंक उचलून कचऱ्यात टाकले, कारण पेपरने प्रतिस्पर्ध्याला पाठिंबा दिला होता. निवडून आल्यावर त्याने गुन्हा कबूल केला आणि दंड भरला १०० डॉलर. स्वस्तात पडलं!

तर तुम्ही तिथे शिकत असाल, तर विद्यार्थी सरकारचं बजेट मागवून घ्या. पुष्कळ ठिकाणी ते वेबसाइटवरच असतं. त्यात पेपरच्या नावापुढचा आकडा बघू नका, तो आकडा कसा ठरतो ते शोधा. दर विद्यार्थी इतके डॉलर असं ठरलेलं सूत्र आहे, की दरवर्षी अर्थसमितीपुढे अर्ज? मधे एखादं प्रकाशन मंडळ आहे का, आणि त्यावर कोण कोण बसतं? पैसे कमी झाले असतील तर सगळ्यांचे झाले, की एकट्या पेपरचे, आणि त्याच्या आदल्या महिन्यात पेपरात छापून काय आलं होतं? हे शेवटचं बघायला जुने अंक काढावे लागतील. ग्रंथालयात असतात.