वरून दिसणारी खाडी

श्रोतेहो, नमस्कार.

दर पाच दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास, सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहांपैकी एखादा आपल्या ठाण्याच्या खाडीवरून जातो. उंची ७८६ किलोमीटर. ऐरोलीचा पूल, विटाव्याची तिवरं, पारसिकच्या डोंगरातल्या खाणी, येऊरचं जंगल आणि उलव्याचा नवा विमानतळ, सगळं एकाच चित्रात येतं. आकाश निरभ्र असलं की झालं. ही चित्रं कुणालाही फुकट बघता येतात. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची चित्रं तर १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून तीही मोफत आहेत. नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली १९७० साली. म्हणजे नवी मुंबईत भातशेती आणि मिठागरं होती, तेव्हापासून या जमिनीची वरून नोंद होत आली आहे. विमानतळासाठी कापलेला उलव्याचा डोंगर कुठे होता, नदी वळवण्याआधी कुठून वाहत होती, हे आज त्या गावात राहायला आलेल्या मुलालाही घरबसल्या बघता येईल.

मी भूगोल शिकवते. माझं आजचं म्हणणं असं आहे, की ही नोंद आपण ठाणे-नवी मुंबईच्या लोकांनी स्वतः वाचायला शिकलं पाहिजे, आणि वाचताना खाडी जाणणारा माणूस शेजारी बसवला पाहिजे. असं का, ते सांगते.

झाडाचं पान आपल्याला हिरवं दिसतं. पण निरोगी पान हिरव्या प्रकाशापेक्षा कितीतरी जास्त अवरक्त किरण परत फेकतं. ते आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, उपग्रहाला दिसतात. चित्र तयार करताना या किरणांना लाल रंग देतात, म्हणून जंगल लाल दिसतं. पाणी हे किरण जवळजवळ सगळे शोषून घेतं, म्हणून खाडी काळी. कांदळवनाखाली, म्हणजे तिवरांच्या जंगलाखाली, ओला चिखल असतो, त्यामुळे त्याचा लाल रंग गडद, मातकट येतो. हा रंग एकदा डोळ्यांत बसला की वाशीपासून कोपरीपर्यंत तिवरांची किनार बोटाने दाखवता येते.

आता समजा, या तिवरांत कुणी रात्री राडारोड्याचे डंपर रिकामे केले आणि आठ-दहा फूट रुंदीचा बांध घातला. सेंटिनेलच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद चौकोन. एवढा अरुंद बांध त्यात सहसा ओळखू यायचा नाही. पण बांधाच्या आत भरतीचं पाणी शिरायचं थांबतं, आणि तिवरं उभ्या उभ्या सुकू लागतात. पुढच्या काही महिन्यांच्या चित्रांत लाल रंग फिका पडत जातो, आणि फिका पडलेल्या भागाची एक कड अगदी सरळ रेषेत असते. निसर्गात तिवर अशी सरळ रेषेत मरत नाही. ती कड दिसली की तिथे जाऊन बघायलाच हवं. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये कांदळवनाचा नाश हे घटनेच्या कलम २१ चं, म्हणजे जगण्याच्या हक्काचं, उल्लंघन ठरवलं आहे. निकाल इतका स्पष्ट असताना तारीखवार चित्रांचा पुरावा कुणाच्याही हाताशी आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

उलट, कांदळवन वाढलेलं दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नका. खाडीत गाळ साचतो, खाडी उथळ होते आणि त्या गाळावर नवी तिवरं रुजतात. हिरवाई वाढते, पण कोळ्यांच्या होड्यांचा मार्ग बुजतो. आकडा तेवढा वाढलेला दिसतो, त्यामागचं कारण काठावरच्या माणसाला ठाऊक असतं.

काठावरच्या माणसाचा एक अनुभव सांगते. माझ्या एका विद्यार्थिनीने खाडीची दोन चित्रं शेजारी शेजारी लावली होती. एकात पाणी काठोकाठ, दुसऱ्यात मधल्या प्रवाहाच्या दोन्ही बाजूंना चिखलाचे रुंद पट्टे. तिने निष्कर्ष लिहिला, खाडी आक्रसली. त्या दिवशी चेंदणी कोळीवाड्यातले एक वयस्कर काका आमच्याकडे आले होते. त्यांनी चित्रं पाहिली आणि विचारलं, "पोरी, त्या दिवशी तिथ कुठली होती?" तिला प्रश्नच कळेना. मग त्यांनी हिशेब समजावला. तिथीचा पाऊणपट करायचा, भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाचा पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. अमावास्या किंवा पौर्णिमा असेल तर पंधराचा पाऊणपट सव्वाअकरा. आता उपग्रह येतो अकराला! अमावास्येच्या आसपास त्याला उधाणाचं पाणी दिसणार, अष्टमीला चिखल उघडा पडलेला दिसणार. दोन्ही चित्रं खरी होती, खाडीही तेवढीच होती. खाडीच्या वरच्या टोकाला पाणी पोचायला थोडा उशीर होतो, हेही काकांनीच सांगितलं. आम्ही पंचांग काढून दोन्ही तारखा तपासल्या. हिशेब बरोबर निघाला.

तेव्हापासून आमच्या वर्गात चित्राच्या तारखेशेजारी तिथी लिहितात. आणि ऋतूही बघतात, कारण ऑक्टोबरचा पारसिक डोंगर आणि मे महिन्यातला पारसिक डोंगर यांची तुलना केली तर कुणीही म्हणेल, जंगल संपलं.

आता पावसाकडे येऊ. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस आपल्याकडे कुणी विसरलेलं नाही. ढगांवर नजर ठेवणारे आपले इन्सॅट उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर एकाच जागी थांबल्यासारखे असतात आणि दिवसरात्र चित्रं पाठवत राहतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं, त्याची वाट आधीपासून कळत होती ती यांच्याचमुळे. पण ढगांखाली जमिनीवर काय चाललंय ते साध्या कॅमेऱ्याला दिसत नाही. तिथे रडार लागतं. इस्रोने २०१२ मध्ये रिसॅट-१ आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ईओएस-०४ सोडला, ते यासाठीच. रडारच्या लहरी ढगांतून, अंधारातूनही आरपार जातात. संथ पाण्यावर तिरप्या पडल्या की आरशावर पडलेल्या बॅटरीच्या झोतासारख्या पलीकडे निघून जातात, परत येत नाहीत, म्हणून पुराचं पाणी काळं दिसतं.

जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. तशा पुरात नदीकाठची उघडी शेतं रडारला छान दिसतात. इमारतींच्या मधल्या गल्लीतलं पाणी मात्र दिसणं अवघड, कारण लहरी पाण्यावरून भिंतीवर आपटून परत येतात आणि तो भाग उजळ दिसतो. शिवाय आपल्याकडचं पाणी बऱ्याचदा पुढच्या भरती-ओहोटीत ओसरून जातं आणि रडारचा उपग्रह यायला अजून काही दिवस असतात. त्यामुळे सोसायटीच्या गेटवर पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, याची खूण तारीख-वेळेसकट भिंतीवर करून ठेवा. ती माहिती वरून मिळत नाही.

डोंगरांचं वेगळं आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात, नवी मुंबईपासून फार दूर नाही, इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. त्या वाडीची आठवण काढल्याशिवाय मला या विषयावर बोलता येत नाही. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राने देशातल्या दरडींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. १९९८ ते २०२२ या काळातल्या सुमारे ८० हजार दरडींची त्यात नोंद आहे. पण एखादी दरड याआधी कोसळलेलीच नसेल, तर तिची नोंद कुठून असणार?

इथे निसारचा उपयोग होईल, अशी मला खरी आशा आहे. नासा आणि इस्रोने मिळून बनवलेला हा उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून गेला. त्याच्या एका रडारची लहर सुमारे २४ सेंटिमीटरची आहे, ती पानांच्या दाटीतून खालच्या जमिनीपर्यंत पोचू शकते. तो दर १२ दिवसांनी त्याच कक्षेत परत येतो, आणि दोन वेळच्या लहरींतला फरक मोजून जमीन एखाद-दुसरा सेंटिमीटर सरकली असली तरी सांगता येतं. सह्याद्रीसारख्या झाडीच्या उतारांना हे फार उपयोगाचं आहे. एका रात्रीच्या मुसळधार पावसात अचानक सुटणारी दरड मात्र त्यालाही आधी कळेलच असं नाही. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी जमिनीला पडलेली नवी भेग, अचानक फुटलेला झरा, गढूळ झालेलं पाणी किंवा कललेली झाडं दिसली, तर त्याच दिवशी तलाठ्यांना किंवा तहसीलदारांना कळवावं आणि पाऊस असेल तर घर सोडावं.

वणव्याचंही थोडक्यात सांगते. देहरादूनचं भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाने टिपलेल्या आगींच्या सूचना मोबाईलवर पाठवतं. नोंदणी कुणालाही करता येते. येऊर किंवा खारघरच्या टेकड्यांवर उन्हाळ्यात फिरणाऱ्यांनी ती जरूर करावी.

आणि ज्यांना आजच सुरुवात करायची आहे, त्यांनी इस्रोचं भुवन किंवा युरोपचं कोपर्निकस ब्राउझर उघडावं. आपल्या घराजवळचा खाडीचा तुकडा शोधावा. दोन वेगवेगळ्या वर्षांची, पण एकाच महिन्यातली आणि जवळच्या तिथीची, अवरक्त किरणांना लाल रंग दिलेली दोन चित्रं काढावीत. लाल रंग कुठे फिका पडलाय ते बघावं, आणि मग ओहोटीच्या वेळी तिथे चालत जावं, शक्यतो कोळीवाड्यातल्या कुणाला तरी बरोबर घेऊन. बांध सापडला तर वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे लेखी तक्रार करा, आणि तक्रारीला दोन्ही चित्रं, त्यांच्या तारखा, अक्षांश-रेखांश आणि जागेवर काढलेला फोटो जोडा.

नमस्कार.