एक झोका, दोन ठोके

ड्रमसेट आज आडवा लावलाय, कारण एरवी ड्रमरचे पाय कुणालाच दिसत नाहीत. मागच्या रांगांतल्यांना अजूनही दिसत नसतील, तर उभे राहा, मला राग येणार नाही. दीड तास तुम्हाला माझा चेहरा बघायचा नाहीये. उजवा बूट बघायचाय, आणि त्यातही टाच.

थोडा इतिहास, कारण तो आपल्या विषयाशीच येऊन थांबतो. सुरुवातीला बेस ड्रम, म्हणजे सेटमधला सगळ्यात मोठा, आडवा ठेवलेला ढोल, हातानेच वाजायचा. एकच माणूस स्नेअर हा छोटा ड्रम आणि बेस ड्रम शेजारी ठेवून दोन्ही हातांनी सांभाळायचा. पायाने वाजवायची यंत्रं आली, पण ती अवजड आणि सुस्त होती. विल्यम लुडविग हा शिकागोचा ड्रमर. रॅगटाइम या त्या काळच्या नाचऱ्या संगीताची चाल त्या जुन्या पेडलला झेपत नव्हती, म्हणून त्याने स्वतःचं पेडल बनवलं आणि १९०९ मध्ये भावाबरोबर कंपनी काढली. म्हणजे आज आपण जे पेडल दाबतो ते जन्मालाच आलं ‘पाय कमी पडतोय’ या तक्रारीतून. ती तक्रार अजून मिटलेली नाही.

पुढे लुई बेलसन या जॅझ ड्रमरने पंधराव्या वर्षी शाळेत चित्रकलेच्या तासाला दोन बेस ड्रमांचा सेट कागदावर काढला आणि मोठेपणी ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात तसाच सेट घेऊन बसला. एकाच ड्रमला दोन बीटर, म्हणजे पेडल दाबलं की कातड्यावर आपटणाऱ्या दोन मोगऱ्या, लावणारं डबल पेडल घरोघरी पोचलं ते १९८०च्या दशकात. आणि या दोघांच्या मध्ये कुठेतरी लेड झेपेलिन या रॉक बँडचा ड्रमर जॉन बोनम आहे. त्यांच्या १९६९ च्या पहिल्या अल्बमच्या पहिल्याच गाण्यात त्याचा पाय ऐका. तीन-तीनच्या गटातले दोन-दोन ठोके, एका पायाने, एका पेडलवर. ऐकणाऱ्या कित्येकांना वाटलं की दोन बेस ड्रम असणार. हा समज आपल्या कामाचा आहे. एका पायातून दोन पायांचा आवाज काढायचाय, आजचं एवढंच काम.

आता हिशेब. मिनिटाला १२० मात्रांची लय घ्या, म्हणजे आरामात चालायची चाल. तिच्यात मात्रेला चार ठोके घातले की सेकंदाला आठ ठोके होतात. दोन ठोक्यांमध्ये सव्वाशे मिलिसेकंद. एवढ्या वेळात मांडी उचलायची, पाय टाकायचा, बीटर कातड्यावर आपटून परत यायचा आणि पुढचा ठोका तयार ठेवायचा. करून बघा, खुर्चीत बसल्या बसल्या. सेकंदाला आठ वेळा आख्खा पाय उचला. दहा सेकंदांत खुब्याला कळ लागेल आणि शेजारचा तुमच्याकडे बघायला लागेल.

पाय जड आहे हो. मांडी, नडगी, बूट, सगळं मिळून काही किलो वजन आहे. ते सेकंदाला आठदा उचलणं हा मूर्खपणा आहे. तो मूर्खपणा मी दोन वर्षं केला. वेग म्हणजे ताकद, असं मला वाटायचं. पेडलची स्प्रिंग पिळून पिळून इतकी घट्ट केली की पेडल दाबणं म्हणजे व्यायामशाळेतलं यंत्र दाबणं झालं. बीटर परत फटकन यायचा, हे खरं, पण त्याला पुढे ढकलायलाही तेवढाच जोर लागायचा. नडगी पुढच्या बाजूला अशी दुखायची की जिना उतरताना कठडा धरायचो. वेग तिथल्या तिथेच होता.

मग वेग कुठून येतो? ज्यांनी तबला जवळून बघितलाय त्यांनी धिरधिर वाजवणारा हात आठवा. तळवा एका कडेवरून दुसऱ्या कडेवर डोलतो. दोन बोल पडतात, पण हात दोनदा उचलला जात नाही. पायात नेमकं तेच करायचंय. इंग्रजीत याला हील-टो म्हणतात, आपण टाच-चवडा म्हणू.

हे बघा. पाय पेडलच्या फळीच्या वर अधांतरी आहे. पहिला ठोका: मांडीचं वजन सोडून दिलं, टाच फळीच्या खालच्या भागावर पडली, बीटर लागला. आता इथे एक बारीक गोष्ट आहे आणि नव्वद टक्के चुका इथेच होतात. टाच पडली की चवडा किंचित वर उचललेला पाहिजे, नाहीतर फळी दाबलेलीच राहते, बीटर कातड्याला चिकटून बसतो आणि दुसरा ठोका मारायला जागाच उरत नाही. चवडा सुटला, बीटर मागे आला. आता टाच वर आणि चवडा खाली, दुसरा ठोका. टाच वर जाताना गुडघाही आपोआप वर जातो, म्हणजे पुढच्या वेळी पडायला मांडी तयार. एक झोका पूर्ण झाला. ठोके दोन, मांडी एकदाच. सेकंदाला आठ ठोक्यांसाठी आता चारच वेळा मांडी हलते, आणि चार वेळा कुणीही हलवू शकतो.

फळी सलग असेल, म्हणजे ज्याला लाँगबोर्ड म्हणतात ते पेडल, तर टाचेला ऐसपैस जागा मिळते. मागे स्थिर पट्टी असलेल्या पेडलवर पाय थोडा पुढे घ्यावा लागतो, आणि बूट मोठा असेल तर अंगठा साखळीवर आपटतो. माझा आपटतो. मी पातळ तळाचे, पुढून निमुळते बूट घालतो, याहून मोठं रहस्य त्यात नाही.

टाचेचा ठोका बारीक का येतो, ते फळी बघितली की कळतं. फळीची बिजागरी मागे, टाचेकडे आहे. दार बिजागरीजवळ धरून ढकलून बघा. जोर जास्त लागतो आणि दार हलतं कमी. टाच तिथेच पडते. चवडा पडतो तो दाराच्या कडीजवळ. म्हणून एक ठोका दणदणीत, एक ठोका मरतुकडा. वाजवणाऱ्याला हे कळत नाही, कारण त्याच्या पायाला दोन्ही वेळा काम जाणवतं आणि त्याचा मेंदू आवाज भरून काढतो. मला कळलं ते फोनमुळे. बेस ड्रमशेजारी फोन ठेवून रेकॉर्डिंग केलं आणि आवाजाची रेघ पडद्यावर मोठी करून बघितली. करवतीचे दात असावेत तशी: एक उंच, एक अर्धा, एक उंच, एक अर्धा. शिवाय अंतरंही सारखी नव्हती. ठोके जोडीजोडीने चिकटलेले. मला वाटत होतं मी सोळांश, म्हणजे मात्रेला चार सारखे ठोके, वाजवतोय, प्रत्यक्षात घोडा दौडत होता.

ते दुरुस्त करायला मला सगळ्यांनी एकच सल्ला दिला: मंद लयीत वाजव. हा सल्ला अर्धाच बरोबर आहे, आणि माझे बरेच महिने त्याने खाल्ले. मंद लयीत टाच-चवडा वाजवलं की तो झोका राहतच नाही. टाच पडते, थांबते, मग स्नायू ओढून चवडा पडतो. या दोन वेगळ्या हालचाली झाल्या. त्या तुम्ही वर्षभर घोटल्या तरी लय वाढवली की कोसळतात, कारण वेगात शरीराला मुळात वेगळीच हालचाल हवी असते. चेंडू हळू टप्पा खात नाही, तसंच हे.

म्हणून झोका जलदच ठेवायचा आणि दोन झोक्यांमधली विश्रांती लांबवायची. मेट्रोनोम, म्हणजे लय धरून टिकटिक करणारं यंत्र, ६० वर. प्रत्येक टिकेला एकच झोका: त-क, आणि पाय सोडून द्यायचा. त-क, सोडा. त आणि क यांच्यातलं अंतर सव्वाशे मिलिसेकंदच, आपल्या शेवटच्या मुक्कामातलं. हे सैल झालं की टिकेला दोन झोके. मग तीन, ही पायरी चिडवते, तिला वेळ द्या. मग चार. टिकेला चार झोके म्हणजे सेकंदाला आठ ठोके, आणि विश्रांती अदृश्य झाली. गंमत बघा, झोक्याचा वेग पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तोच होता. फक्त मधली भोकं बुजत गेली.

टाचेच्या आवाजावर उपाय दोन. एक, टाचेवर मुद्दाम जोर द्या, चवडा जवळजवळ मुका ठेवा, रोज पाच मिनिटं. दुसरा मला जास्त आवडतो: टिकेवर टाच न टाकता चवडा टाका. जोडी उलटी होते, क-त, आणि ज्या टाचेमागे तुम्ही इतके दिवस लपला होतात ती आता मात्रेच्या मागे उघडी पडते.

पेडलबद्दल थोडक्यात. स्प्रिंग मध्यम. बीटरचा दांडा दोन बोटं खाली घ्या. फिरणाऱ्या वस्तूचं जडत्व लांबीच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे थोडीशी लांबी कमी केली तरी पायाला फरक लगेच जाणवतो; आवाज थोडा घटेल, तो सोसा. ड्रममध्ये उशी कोंबली असेल तर कातड्याची उसळी मरते. सरावाच्या रबरी पॅडवर उसळी भरपूर मिळते, म्हणून घरी उडणारा पाय मंचावर चिखलात रुतल्यासारखा वाटतो.

बसणं मात्र थोडक्यात उरकता येत नाही. दोन्ही टाचा वर असल्या की जमिनीचा तुम्हाला काहीच आधार नाही. आत्ता खुर्चीच्या मध्यावर बसा आणि दोन्ही पाय जमिनीपासून बोटभर उचला. जे मागे रेलले त्यांची पाठ आज रात्री दुखेल. जलद पायांचा अर्धा थकवा पायात नसतो, पाठीत असतो, कारण प्रत्येक ठोक्याला कंबर तोल सावरत राहते. स्टूल इतकं उंच ठेवा की मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती राहील.

मघाशी कुणीतरी विचारलं की ही लबाडी नाही का. एका हालचालीत दोन ठोके, म्हणजे अर्धी मेहनत. मला तसं वाटत नाही, पण दुसरा रस्ताही आहे हे खरं. नाइल या मेटल बँडचा ग्रीक ड्रमर जॉर्ज कोलियास एका हालचालीला एकच ठोका ठेवतो आणि घोट्यातून वाजवतो. मांडी जवळजवळ स्थिर, चवडा फळी सोडत नाही. काही जण त्यात घोटा डावी-उजवीकडे वळवतात, म्हणजे स्नायू आळीपाळीने थकतात. त्या पद्धतीत ठोके सारखे येतात, हा तिचा मोठा गुण. पण ती मध्यम लयीत डगमगते. वरच्या लयीत घोटा आपोआप थरथरायला लागतो आणि खालच्या लयीत मांडी सांभाळते, मधला पट्टा कुणाचाच नाही. मिनिटाला १६० ते १८० मात्रांच्या आसपास दोन पायांनी वाजवणाऱ्या कुणालाही विचारा, तो सुस्कारा टाकेल.

पोटरी जळजळली तर चालेल, ती थकली आहे. नडगीच्या हाडालगत टोचल्यासारखं झालं तर त्या दिवसापुरतं पेडलवरून उठा. मी उठलो नव्हतो, पुढचे तीन आठवडे गेले.

आता वाजवतो. मेट्रोनोम ६० वर लावलाय, दोन्ही पायांनी एका झोक्यापासून चारपर्यंत जाईन. उजवा पाय ऐकू नका, तो सरावलेला आहे. डावा ऐका. त्याने वर्षानुवर्षं हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटायची झांजांची जोडी, दाबण्यापलीकडे काही केलेलं नाही, आणि तीन झोक्यांवरून चारवर जाताना तो हमखास लंगडतो. लंगडला असं वाटलं की हात वर करा, मी तिथून पुन्हा सुरू करतो.